पळताना भोवळ आली तर ईसीजी काढाच

शाळेच्या मैदानावर पळता पळता एखादं मूल कोसळलं की आपण म्हणतो, ऊन लागलं असेल, सकाळी काही खाल्लं नसेल. मारेगावच्या उन्हाळ्यात ते खरंही असतं. पण पळताना शुद्ध हरपणं हे हृदयाच्या स्नायूच्या आजाराचंही लक्षण असू शकतं.

डॉक्टर या आजाराला कार्डिओमायोपॅथी म्हणतात. त्यातल्या एका प्रकारात हृदयाचा स्नायू जाड होतो. हा प्रकार साधारण ५०० माणसांत एकाला असतो आणि बऱ्याचदा घराण्यातून येतो. अम्मी किंवा अब्बांमध्ये तसा जनुकीय दोष असेल, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. हैदराबादच्या सीसीएमबीचे शास्त्रज्ञ सहभागी असलेल्या २००९ च्या संशोधनात दिसलं, की हृदयाच्या स्नायूशी संबंधित एक जनुकीय दोष भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आहे. असा प्रत्येक जण आजारी पडत नाही, पण धोका वाढतो.

ईसीजीत छातीवर ६ आणि हातापायांना ४ वायरी लावतात. हृदयात तयार होणारी वीज कागदावर उमटते. शॉक लागत नाही, दुखत नाही, काही मिनिटांत काम होतं. स्नायू जाड असेल तर पट्टीवर काही लाटा जास्त उंच, काही उलट्या दिसतात.

मात्र ईसीजी इशारा देतो, निकाल नाही. जुन्या बीपीमुळेही लाटा उंच दिसतात, आणि आजार असून काहींचा ईसीजी नॉर्मल येतो. स्नायूची जाडी टू-डी इकोत मोजतात. मोठ्या माणसात बीपीसारखं कारण नसताना ती १५ मिलिमीटर किंवा जास्त निघाली, तर डॉक्टर हा आजार धरतात. म्हणून डॉक्टरांनी इको सांगितला तर यवतमाळ किंवा नागपूरला जावं लागलं तरी टाळू नका.

छाती उघडावी लागते म्हणून आपल्या काही बहिणी ईसीजीच काढत नाहीत. महिला कर्मचारी, पडदा, अंगावर चादर, हे बिनधास्त मागा.

घरात कुणी तरुणपणी अचानक वारलं, तर अल्लाहची मर्जी म्हणून आपण सब्र करतो. ते बरोबरच. पण मागे राहिलेल्या भावंडांची तपासणी राहून जाते. आई-वडील, भाऊ-बहिणी, मुलं, सगळ्यांचा ईसीजी आणि इको करून घ्या. मुलांचा एकदा नॉर्मल आला तरी पुन्हा कधी करायचा, ते डॉक्टरांना विचारा. आणि पट्टीची झेरॉक्स काढून ठेवा, तो कागद फिका पडतो. पुढच्या वेळी जुनी पट्टी शेजारी ठेवली की डॉक्टरांना फरक लगेच कळतो.