मस्साजोगनंतर: सत्ताप्रमुखाचे बोलणे आणि लोकांचा विश्वास

एखादे प्रकरण मंत्र्याच्या दारापर्यंत पोचले की सत्ताप्रमुखाला बोलावेच लागते. शब्द जितके कडक तितका परिणाम मोठा, हा त्याबाबतचा सर्वांत रुळलेला गैरसमज. ‘कोणालाही सोडणार नाही’ हे तर प्रत्येक सरकार म्हणते.

9 डिसेंबर 2024 रोजी मस्साजोगचे (ता. केज, जि. बीड) सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून हत्या झाली. 20 डिसेंबरला नागपूर अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पवनचक्की प्रकल्पावरील 6 डिसेंबरच्या मारहाणीपासूनचा घटनाक्रम मांडला आणि विशेष तपास पथक, न्यायालयीन चौकशी व पोलीस अधीक्षकांची बदली जाहीर केली. या गोष्टी पडताळता येण्याजोग्या होत्या. नवे अधीक्षक आले, जानेवारीत आरोपींवर मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लागला. पुढे बीड पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावेही गेली. जातीवरून माणूस जोखला जाणाऱ्या जिल्ह्यात हे पाऊल लहान नव्हते.

तरीही 28 डिसेंबरला बीडमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. मंत्री धनंजय मुंडे यांचे निकटवर्तीय या प्रकरणात अडकलेले असताना मंत्री पदावर कसे, हा लोकांचा प्रश्न होता आणि तो निवेदनानंतरही तसाच राहिला. हत्येची छायाचित्रे बाहेर आल्यावर 4 मार्च 2025 रोजी मुंडे यांनी राजीनामा दिला. राजीनामा म्हणजे गुन्ह्याची कबुली, हा दुसरा गैरसमज. मुंडे या खटल्यात आरोपी नव्हते. मात्र त्यांनी सद्सद्विवेकबुद्धी आणि प्रकृती अशी कारणे दिली, तर त्यांच्या पक्षाने नैतिकतेचा हवाला दिला. अशा दोन सुरांनी शंका मिटत नाही.

चूक मान्य केली की पत जाते, हेही खरे नाही. 4 मार्च 1987 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी इराण शस्त्रविक्रीबाबतचे आपले आधीचे म्हणणे पुराव्यांशी जुळत नसल्याचे मान्य केले, तरी ते पदावर टिकले. वॉटरगेटची जबाबदारी एप्रिल 1973च्या भाषणात निक्सन यांनीही घेतली होती, पण ध्वनिफितींनी त्यांना खोटे पाडले.

भारतात राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या अभिभाषणाकडून अशी कबुली अपेक्षिणे व्यर्थ, कारण तो मजकूर मंत्रिमंडळाचा असतो. बोलायचे ते पंतप्रधानांनी, राज्यात मुख्यमंत्र्यांनी. आणि सभागृहातले आश्वासन हवेत विरते असेही नाही: ते नोंदले जाते आणि त्याच्या पूर्ततेचा पाठपुरावा विधिमंडळाची आश्वासन समिती करते. सभेतल्या भाषणाला असा पाठपुरावा नसतो.