नेट घरापर्यंत कसं येतं? – लेखांक ६ : यंत्र बंद, सेशन चालू

मागच्या लेखात आपण पाहिलं की घरचा राउटर सुरू होताच युजरनेम आणि पासवर्ड पाठवतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात केबलवाल्याकडून घेतलेली अनेक कनेक्शनं पीपीपीओई पद्धतीने चालतात. ही पद्धत १९९९ मधली. पलीकडे ‘बीएनजी’ नावाचा मोठा राउटर असतो. तो युजरनेम-पासवर्ड तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरला विचारून तुम्हाला आत घेतो आणि तुमची नोंद मेमरीत ठेवतो: सेशन क्रमांक, मॅक आणि आयपी पत्ता, प्लॅनचा वेग, वापरलेला डेटा. हेच तुमचं सेशन.

या बीएनजीचं कार्ड जळलं की त्यावरच्या सगळ्या नोंदी जातात. घरच्या राउटरला ते लगेच कळत नाही. तो अधूनमधून ‘आहेस का?’ अशी हाक देतो; लागोपाठ काही हाका वाया गेल्या की सेशन संपलं असं धरून पहिल्यापासून लॉगिन सुरू करतो. समजा, १०,००० घरांनी हे एकाच वेळी केलं, तर रेडियस गुदमरतो, उत्तरं उशिरा जातात आणि उत्तर आलं नाही म्हणून राउटर पुन्हा विचारतात. त्यात जुनं सेशन हिशेबात अजून चालूच दिसतं. एका खात्याला एकच लॉगिन असा नियम असेल, तर पैसे भरलेल्या माणसालाही दार बंद. मग ऑपरेटरच्या ऑफिसात बसून एकेक अडकलेलं सेशन हाताने काढावं लागतं. यंत्र दुरुस्त होऊनही लोकांचं नेट का येत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

म्हणून नुसतं दुसरं यंत्र आणून ठेवणं पुरेसं नाही. पहिल्याच्या नोंदी त्याच्याकडे त्या-त्या क्षणी पोचल्या पाहिजेत. दोघांना मिळून एकच आभासी मॅक पत्ताही हवा, कारण घरच्या राउटरचं सेशन त्या पत्त्याशी आणि सेशन क्रमांकाशी बांधलेलं असतं. मुख्य यंत्र गप्प झालं की राखीव यंत्र तोच पत्ता घेऊन स्विचना कळवतं, ‘आता इकडे पाठवा’, आणि इंटरनेटकडून येणारी वाटही आपल्याकडे वळवतं. हे वेळेत झालं, तर व्हिडिओ कॉल क्षणभर थिजतो, तुटत नाही.

एक गोष्ट मात्र यंत्र विकत घेताना हमखास विसरली जाते: नॅट. अनेक ग्राहक एकच सार्वजनिक आयपी वापरतात, तेव्हा कोणतं उत्तर कोणाच्या घरी जायचं याचा वेगळा तक्ता असतो. तो दुसऱ्या यंत्राकडे नसेल, तर सेशन टिकूनही चालू कॉल आणि डाउनलोड तुटतात. माझ्या मते विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा.

शिवाय जागा. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. या खोऱ्यात दोन्ही यंत्रं एकाच तळमजल्यावर, एकाच वीजमीटरवर ठेवणं म्हणजे एकच यंत्र ठेवणं. लहान ऑपरेटरला हा खर्च जड जातो, हे खरं आहे. त्यांनी निदान ग्राहक दोन बीएनजींत वाटावेत, म्हणजे एक बंद पडला तरी अर्धं गाव चालू राहील आणि रेडियसवरची गर्दीही निम्मी होईल.

ज्यांच्याकडे राखीव यंत्र आहे, त्यांनी पावसाळ्यापूर्वी एका रात्री तीन वाजता मुख्य यंत्राची वीज स्वतःच्या हाताने काढून पाहावी. किती सेशन तुटली, ते मोजावं आणि कारण शोधावं. पुढच्या आठवड्यात, फायबरच्या दोन वाटा.