उभ्या गाडीचा गिअर

करमाडहून जालना रस्त्याने शहराकडे निघालं की शेंद्र्याची एमआयडीसी लागते. २००१ पासून स्कोडाच्या ऑक्टाव्हिया इथे जोडल्या गेल्या, पुढे ऑडीही आली. त्यामुळे ऑटोमॅटिक गाडीचं या पट्ट्यात आता कुणाला अप्रूप नाही. पण मालक पुण्याला किंवा परदेशी गेलेला, गाडी पत्र्याच्या शेडखाली वर्ष-दीड वर्ष उभी, असंही बऱ्याच घरी दिसतं. सुट्टीत तो येतो, इंजिन चालू करतो, दांडी ‘डी’मध्ये टाकतो आणि गाडी जागची हलत नाही. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी निकाल देऊन टाकतं, ‘गिअरबॉक्स गेला.’ बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. पुढच्या दहा मिनिटांत मात्र घालवता येतो.

जुन्या, सरळ पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याची इंजिनकडची पाती तेल फेकतात आणि त्या तेलाच्या जोरावर गिअरकडची पाती फिरतात. आतल्या क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबून धरतं तेही तेलच. हा दाब तयार करणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद झालं की दाब शून्य होतो आणि कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू खालच्या टाकीत उतरतं. सुरू केल्यावर पंपाला आधी ते वर चढवावं लागतं, आणि तेवढा वेळ ‘डी’ असूनही गाडी निघत नाही.

याच कारणाने डीपस्टिकही फसवते. तेल खाली जमल्यामुळे इंजिन बंद असताना पातळी जास्त दिसते. मग ‘ऑईल जास्त भरलंय’ म्हणून कुणी लिटरभर काढून टाकतो आणि दुखणं खरोखरच ओढवून घेतो. बहुतेक गाड्यांत ही पातळी इंजिन चालू ठेवून, तेल गरम झाल्यावर पाहायची असते. काहींची रीत उलटी असते आणि अनेक नव्या गाड्यांना डीपस्टिकच नसते, म्हणून गाडीचं पुस्तक काढून बघावं.

रबरी सीलचं दुखणं जरा खोल. तेलात भिजलेलं रबर मऊ राहतं. तेल उतरलं की वरचे सील कोरडे पडतात. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि पत्र्याखाली उष्मा त्याहून जास्त. रबर कडक होतं, आक्रसतं, दाब गळतो, क्लच घसरतो. इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी मात्र रेंगाळते. तेल गरम होऊन सील पुन्हा भिजले की कधीकधी हे आपोआप सुधारतं. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबणं सर्वांत घातक, कारण दाब अपुरा असताना घसरणाऱ्या चकत्या करपतात. मग गिअरबॉक्स उघडण्यावाचून गत्यंतर नसतं.

पण तेलाच्याही आधी बॅटरी बघायची. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. ती पडली की गिअर सांभाळणारा संगणक गोंधळतो, गाडी एकाच गिअरवर अडकते किंवा दांडी ‘पी’मधून हलतच नाही. उंदरांनी वायर कुरतडल्या तरी लक्षणं तीच, आणि आजूबाजूला ज्वारी-मका असेल तर ही शंका आधी घ्यावी. हँडब्रेक ओढून पावसाळा काढलेला असेल तर मागचे लायनर ड्रमला चिकटतात आणि दोष मात्र गिअरबॉक्सच्या माथी येतो.

एएमटी आणि कोरड्या क्लचच्या डीएसजी या ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या प्रकारांत कन्व्हर्टर नसतो. तिथे गंजाने क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटू शकते. सात गिअरच्या कोरड्या डीएसजीत पंप विजेवर चालतो. दार उघडल्यावर येणारी बारीक घरघर त्याचीच. याच गिअरबॉक्ससाठी २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे सोळा लाख गाड्या परत बोलावल्या आणि आतलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरलं. उष्ण, दमट हवेत सिंथेटिक तेलामुळे आत विजेचे दोष उद्भवत होते.

तर बॅटरी चार्ज करा, गाडीखाली तांबूस डाग आहे का पाहा, मग इंजिन सुरू करून ‘पी’मध्येच काही मिनिटं राहू द्या. ब्रेक दाबून ‘आर’, ‘एन’, ‘डी’ असं सावकाश फिरवा, प्रत्येक ठिकाणी थोडं थांबून. गाडी निघाली तर आधी अंगणात, मग गावातल्या रस्त्यावर चालवा. लगेच हायवेला घालू नका. गिअर तरीही घसरत असेल तर स्कॅनर लावून घ्या आणि कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं तेल बदला. सीव्हीटी या आणखी एका प्रकारच्या ऑटोमॅटिकचं तेल वेगळं असतं, दुकानदार काहीही म्हणो.

धक्का मारून ही गाडी चालू होत नाही. दोर बांधून टोचन करायचं तर इंजिन बंद, म्हणजे पंप बंद, आणि फिरणाऱ्या चाकांबरोबर आतले भाग कोरडेच घासतात. शहरापर्यंत न्यायची वेळ आलीच, तर चारही चाकं वर घेणारी गाडी मागवा.