वृद्धाश्रमाची तक्रार: बघायचे काय, सांगायचे कुणाला?

अंबरनाथ पश्चिमेच्या बुवापाड्यातला कुणी आईला वृद्धाश्रमात भेटून येतो आणि घरी सांगतो, 'चादरीला वास येत होता.' पुढे काय? बहुतेक जण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे नाव घेतात. पण त्यातले न्यायाधिकरण मुख्यतः मुलांकडून निर्वाहभत्ता मिळवून देण्यासाठी आहे. अस्वच्छतेची तक्रार ठाण्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी. १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइनही आहे. पैसे भरून वृद्धाश्रमात ठेवले असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता खुला. पावत्या मात्र जपा.

तक्रारीनंतरची तपासणी खरी ती न कळवता केलेली. आधी सांगितले की फिनेलचा वास दारातच स्वागताला येतो! अधिकाऱ्याने साठा-नोंदवही घेऊन थेट कोठीघर गाठावे. महिन्याला डायपर किती आले, अंथरुणाला खिळलेले किती, मग दिवसाला माणशी किती पडले? एवढा भागाकार केला तरी खरेखोटे बरेच कळते. न्हाणीघरात साबण आहे का, तेही पाहावे. सोबतच्या परिचारिकेने खिळलेल्यांना कुशीवर वळवून माकडहाडापाशी जखम नाही ना, हे बघावे.

रहिवाशांशी बोलणे व्यवस्थापकाला बाहेर ठेवूनच. तरी 'सगळं ठीक आहे हो' हेच ऐकू येते, कारण रात्री पाणी तिथल्याच कर्मचाऱ्याकडे मागायचे असते. म्हणून तक्रार नातेवाइकाने स्वतःच्या नावाने करावी आणि तपासणीनंतर काही दिवस भेटी वाढवाव्यात.