खुर्ची सोडण्याची किंमत

इन्फोसिसचे पहिले कर्मचारी नारायण मूर्ती नव्हेत. २ जुलै १९८१ रोजी पुण्यात कंपनीची नोंदणी झाली. भांडवल दहा हजार रुपये, तेही सुधा मूर्तींनी संसारातून बाजूला टाकलेले. पण कर्मचारी म्हणून पहिला क्रमांक एन. एस. राघवन यांचा आणि मूर्तींचा चौथा. पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समधली आधीची बांधिलकी पुरी करायला मूर्तींना वर्षभराच्या आसपास लागलं. कंपनी आपली, कल्पना आपली, पैसे बायकोचे, आणि तरी रुजू व्हायला इतका उशीर!

आज सुधाताईंच्याच हुबळीत, त्या शिकल्या त्या बी. व्ही. भूमरड्डी कॉलेजात (आता केएलई टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी) शिकलेली मुलं याच एका गोष्टीपाशी अडतात. बंगळुरूला किंवा पुण्याला पाच-सहा वर्षं काढलेली असतात, आई-वडील धारवाडात सप्तापूरला किंवा हुबळीत विद्यानगरात असतात, आणि आता गावातच बरी नोकरी मिळण्याची शक्यता दिसू लागलेली असते. मुलाखत छान होते, पगारही जमतो. मग एचआरचा फोन येतो, ‘‘नोटीस पीरियड किती?’’ ‘‘नव्वद दिवस.’’ पलीकडे क्षणभर शांतता. ‘‘तीस दिवसांत नाही का येता येणार?’’

आणि गंमत अशी, की तीस दिवसांत या म्हणणाऱ्या त्याच कंपनीचं ऑफर लेटर उघडावं तर चौथ्या-पाचव्या पानावर तिचीही अट नव्वद दिवसांचीच निघते. येताना धावत या, जाताना सावकाश जा.

हे नव्वद आले कुठून? कायद्यातून नक्कीच नाही. कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकानं व व्यापारी आस्थापना कायद्याचं ३९वं कलम सांगतं, की सहा महिने सलग काम केलेल्या माणसाला सबळ कारणाशिवाय काढता येत नाही, आणि काढायचंच तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. ही अट मालकावर आहे. आयटीतले नव्वद दिवस येतात ते निव्वळ करारातून, म्हणजे आपण सही केली म्हणून.

जर्मनीत तर हा तराजू कायद्यानंच कामगाराच्या बाजूला झुकवलेला आहे. तिथल्या नागरी संहितेनुसार नोकरी सोडणाऱ्याने साधारणपणे चार आठवड्यांची सूचना द्यायची. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला काढायचं असेल, तर मालकाने मात्र सात महिन्यांची द्यायची. आणि कामगाराची मुदत मालकाच्या मुदतीपेक्षा लांब ठेवणारा करार तिथे चालतच नाही. अमेरिकेत बहुतेक नोकऱ्यांना कायद्याची मुदतच नाही. दोन आठवडे आधी सांगायचं ही केवळ रीत.

आपल्याकडचा इतिहास याहून चमत्कारिक आहे. १८५९ साली इंग्रज सरकारने कामगारांच्या करारभंगाचा कायदा केला. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांत आगाऊ रक्कम घेऊन काम अर्धवट सोडणाऱ्या कारागिराला, मजुराला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करता येई. काम पुरं कर नाहीतर पैसे परत कर, आणि दोन्ही नाही केलंस तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग. खुद्द इंग्लंडने असा करारभंग १८७५ मध्ये फौजदारीतून वगळला. आपल्याकडचा कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडावं लागलं. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळात नोकरी सोडणं हा गुन्हा ठरू शकत होता.

आता काय स्थिती आहे? १९६३ च्या विशिष्ट दिलासा कायद्यानुसार व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय जबरदस्तीने पाळायला लावत नाही. कोणताही न्यायाधीश तुम्हाला ‘उद्यापासून कामावर जा’ असं सांगणार नाही. कंपनी मागू शकते ती भरपाई, आणि १८७२ च्या करार कायद्याचं ७४वं कलम म्हणतं, की करारात आकडा कितीही मोठा लिहिलेला असो, मिळेल ती वाजवीच.

पण म्हणून लगेच बॅग भरू नका. कल्याणजवळच्या सेंच्युरीच्या टायर कॉर्ड कारखान्यात गोलिकरी नावाचे शिफ्ट सुपरवायझर होते. १९६३ मध्ये पाच वर्षांचा करार झाला, परदेशी तंत्राचं प्रशिक्षण मिळालं. पुढच्याच वर्षी ते जास्त पगारावर कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १९६७ चा तो निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात. कल्याणला परत ये, असं न्यायालय म्हणालं नाही. पण कराराची मुदत संपेपर्यंत दुसरीकडे तेच काम करायला केलेली मनाई त्याने कायम ठेवली. दार उघडं, पण समोरच्या घरी जायची बंदी!

अलीकडचं उदाहरण कर्नाटकातूनच दिल्लीला गेलेलं. विजया बँकेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने किमान तीन वर्षं नोकरी करण्याची अट पुरी होण्याआधी, २००९ मध्ये, आयडीबीआय बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला. बाँडचे दोन लाख रुपये त्यांनी निषेध नोंदवून भरले आणि मग न्यायालयात गेले. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नोकरीच्या काळापुरती घातलेली अशी अट धंद्यावरचं बंधन ठरत नाही आणि त्या पदाच्या पगाराकडे पाहता दोन लाख फार नाहीत, असं न्यायालयाचं म्हणणं. कायदा कुणाला खुर्चीला बांधत नाही, पण खुर्ची सोडण्याची वाजवी किंमत ठरवू देतो.

ही किंमत सरकारलाही खुणावत होती. नोटीस न पाळल्याबद्दल कंपनी पगारातून पैसे कापते, तर तुमचं अकाली जाणं ‘सहन करण्याची सेवा’च ती पुरवते आहे, मग त्या सेवेवर जीएसटी का नको, असा वाद काही वर्षं चालला. गुजरातच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने तर एका औषध कंपनीच्या बाबतीत १८ टक्के कर लागतो असंच सांगून टाकलं. अखेर ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केलं, की हा कर लागत नाही. सहनशीलतेवर कर बसवायची कल्पना ज्याला सुचली त्याला दाद द्यायला हवी.

आता घासाघिशीकडे. बहुतेक जण जुन्या कंपनीची नोटीस कमी करून घ्यायला झगडतात आणि नव्या पत्रातली अट न वाचता सही करतात. हे मला उलटं वाटतं. जुन्या अटीवर तुमचा जोर संपलेला असतो, मॅनेजरच्या मर्जीवर सगळं. नव्या अटीवर तो अजून शाबूत असतो, कारण त्यांनी तुम्हाला निवडलंय आणि तुम्ही अजून हो म्हटलेलं नाही. पगार दोन हजारांनी वाढवून मागण्यापेक्षा ‘‘मॅडम, नव्वदऐवजी साठ दिवस करता येतील का, दोन्ही बाजूंनी?’’ हे विचारणं पुष्कळदा जास्त फायद्याचं. पुढच्या वेळी ‘इमिजिएट जॉइनर’ शोधणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव वर असेल.

कंपनीसमोर मांडायला एक चांगला मुद्दाही आहे. नव्वद दिवसांच्या मुदतीत नवी ऑफर हातात असलेला माणूस आणखी दोन ठिकाणी मुलाखती देतो आणि शेवटच्या आठवड्यात फोन उचलायचं बंद करतो. लांब नोटिशीचा हा मार कंपन्याच खातात.

दिवसांपेक्षाही बारकाईनं पाहायचं ते असं, की उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटण्याचा हक्क कुणाचा? तुमचा, की ‘कंपनीच्या मर्जीनुसार’? आणि बायआउटचा हिशोब मूळ पगारावर की एकूण पगारावर? समजा एकूण साठ हजार आणि बेसिक चोवीस हजार. दोन महिने कमी पडले तर एका हिशोबाने अठ्ठेचाळीस हजार, दुसऱ्याने एक लाख वीस हजार. पत्रात फरक एका शब्दाचा, खिशात बहात्तर हजारांचा. नवी कंपनी बायआउट भरणार असेल तर तेही पत्रात हवं, फोनवरच्या ‘‘बघू या आपण’’वर नको. आणि वर्षभरात सोडल्यास ती रक्कम परत मागणार का, हेही.

गुपचूप निघून जाण्याचा मार्ग मात्र महाग पडतो. रिलीव्हिंग लेटर नसेल तर पुढची पडताळणी अडते, आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात दोन मालकांच्या तारखा एकमेकींवर चढलेल्या पडताळणी करणाऱ्याला दिसू शकतात.

एक नवी तरतूद अजून पुष्कळांच्या कानावर नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या माणसाचं देय वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकतं व्हायला हवं. ‘एफ अँड एफला’ म्हणजे अखेरच्या हिशोबाला ‘दीड-दोन महिने लागतील’ असं कुणी सांगितलं, तर संहितेचं १७वं कलम त्यांना ईमेलने कळवा.