लाकूड का कुजते आणि कसे टिकते

आमचे घर माळवदाचे आहे. खांबांवर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर पांढरी माती. मधल्या तुळईला माझ्या लहान बहिणीचा पाळणा बांधलेला होता.

मागच्या पावसाळ्यात माळवद गळले. दिवाळीला आजीला भिंतीवर मातीची बारीक रेघ दिसली. सुतारमामांनी येऊन खांबावर ठोकले. खांब ठणठण वाजला. तुळईचे टोक मात्र भद्द वाजले. आत नुसती माती! आजीने आधी पाळणा सोडला.

मी मामांना विचारले, "खांब कसा वाचला?" ते म्हणाले, "खांबाखाली दगड हाये. तुळईत मात्र पाणी मुरलं."

वाळवी लाकडातला सेल्युलोज खाते. तिला अंधार आणि ओल लागते. कोरड्या हवेत ती मरते, म्हणून मातीचा बोगदा करून चालते. बुरशीलाही ओलच लागते. म्हणून लाकूड चांगले वाळवावे, जमिनीला टेकू देऊ नये आणि छताची गळती लगेच बंद करावी. झाडाच्या आतला गाभा टिकतो. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला कीड लवकर लागते.

बाबा म्हणाले, "कपाशीचं औषध उरलंय, तेच लावू." मामा म्हणाले, "नको भाऊ, खाली लेकरू झोपतं."

मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, लाकडाची औषधे वेगळी असतात. १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे औषध शोधले. ते कारखान्यात दाब देऊन लाकडात मुरवतात. ते जगभर गेले. पण आर्सेनिक विषारी आहे. म्हणून अमेरिकेत २००४ पासून घराच्या बहुतेक लाकडाला ते वापरत नाहीत. आपल्याकडे वाळवीसाठी ऑल्ड्रिन वापरत, त्यावरही आता बंदी आहे.

लाकडाला कोणते औषध कसे द्यावे हे भारतीय मानक ४०१ मध्ये दिले आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे औषधाची सरकारकडे नोंदणी लागते. ते कशासाठी वापरायचे हे डब्यासोबतच्या कागदावर लिहिलेले असते. कपाशीचे औषध कपाशीलाच.

आम्ही आधी माळवदावर नवी माती टाकली. मग बाबांनी जालन्याहून जुन्या वाड्याची सागाची तुळई आणली. मामांनी तिचे पांढरे लाकूड तासून काढले. आता पाळणा पुन्हा बांधला आहे.

मित्रांनो, घरी जाऊन भिंती बघा. मातीची रेघ दिसली तर मोठ्यांना सांगा. औषधाच्या डब्याला हात लावू नका. आणि आलेल्या पालकांनो, तुम्ही तुळईवर एकदा ठोकून बघा.