मान ‘मोडून’ घेताय? जरा थांबा!

गेल्या महिन्यात महाल भागातले एक गृहस्थ भिंत धरत दवाखान्यात आले. वय पंचेचाळीसच्या आसपास. आदल्या दिवशी सलूनमध्ये कटिंगनंतर चंपी झाली आणि नेहमीप्रमाणे मान दोन्ही बाजूंना ‘कडकड’ मोडून घेतली. रात्रीपासून मानेच्या मागे ठणका, भोवळ, चालताना तोल जाणे. "पित्त झालं असेल, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. मी त्यांना गोळी न देता तडक मेडिकलला पाठविले. तपासणीत मानेतील रक्तवाहिनीला आतून चीर गेलेली आढळली. वेळेवर गेले म्हणून निभावले.

मेंदूच्या मागील भागाला रक्त पुरविणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात. मानेला झटका बसला की त्या ताणल्या जातात. आतले अस्तर फाटले तर तेथे रक्ताची गुठळी होते व ती मेंदूत गेल्यास अर्धांगवायू होऊ शकतो. असे क्वचितच घडते, पण कोणाच्या बाबतीत घडेल हे आधी सांगता येत नाही.

मग मोकळे का वाटते? सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा एकदम ताणला की आतला दाब उतरतो, द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. बोटे मोडतानाही हेच होते. म्हणूनच तेच बोट पुन्हा वाजायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. सरकलेले हाड ‘जागेवर बसले’ असे काही नसते. आखडलेले स्नायू तेवढ्यापुरते सैल पडतात, मान थोडी जास्त वळते, आणि काही वेळाने पुन्हा पहिल्यासारखी.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतात. लहानपणी मीही घेतला आहे! उसण बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप जाते, श्रेय मात्र पायाळूला. नुसता पाय टेकविला तर बिघडत नाही. पण म्हातारपणी हाडे ठिसूळ झालेली असतात, कोणाला मणक्याचा क्षय असतो. अशा पाठीवर दाब दिला तर मणका पिचतो.

कंबरदुखीत प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या हातांचा थोडाफार उपयोग होतो, तोही तपासणीनंतर. सांध्यांचा लवचीकपणा टिकतो तो रोजच्या सावकाश व्यायामाने. मान मोडल्यावर भोवळ, एकाचे दोन दिसणे, बोबडी वळणे, गिळताना ठसका किंवा तोल जाणे यांपैकी काहीही झाले, तर मालिश-शेक करीत बसू नका. त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठा आणि मान मोडल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.